कावळा का शिवला नाही

सावळीराम गेला तेव्हा बायडाबाई रडली नाही. मखमलाबादेत लोकांनी हे नीट बघून ठेवलं, कारण मयताच्या घरी लोक मेलेल्याकडं कमी आणि जित्यांच्या डोळ्यांकडं जास्त बघतात. तिरडी उचलली तेव्हा नाही, राख सावडून आणली तेव्हा नाही. दहाव्याला रामकुंडावर तर ती अशी बसली होती, जणू फुलांचे वाटे लावून गिऱ्हाइकाची वाट बघत असावी.

आता बायडाबाई काही मुकी बाई नव्हे. फुलबाजारात तिच्या तोंडी लागायला चांगले मिशाळ व्यापारी कचरायचे. "निशिगंध शिळा वाटतो, बाई," असं एकजण बोलून गेला, तर ही सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "फूल पहाटंचं हाय. शिळा वास येतो तो तुझ्या तोंडाचा." ती जीभ नवऱ्यामागं कुठं गेली कुणास ठाऊक. बोलायची, पण मीठ विसरलेल्या कालवणासारखं.

त्या दहाव्याला घोळ झाला तो असा. पिंड मांडले. शेजारी सावळीरामच्या आवडीचं सगळं ठेवलं. बाजरीची भाकरी, मेथी, गुळाचा चहा, विडी. आणि मळ्यातल्या निशिगंधाची भलीमोठी जुडी, कारण ज्याच्या घरात फुलं पिकतात त्याच्यापुढं विकतचं फूल ठेवायचं नसतं. सगळे मागं सरले. समोर कठड्यावर कावळे ओळीनं बसलेले. शेजारच्या घरच्या पिंडावर येऊन त्यांनी चोची मारल्या, भात सांडला, भांडले. सावळीरामच्या पिंडाकडं मात्र मान वाकडी करून बघायचे आणि परत कठड्यावर जायचे.

उन्ह चढलं. बायडाबाईच्या डोळ्यांवर काहीतरी लकाकायला लागलं. गंगेचं पाणी असेल. तिनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला. मग जवळच्यानं हात जोडून शब्द द्यायचा असतो. जीव कशात अडकला ते नेमकं ओळखलं तर कावळा येतो. महेश, तिचा एकुलता मुलगा, पुढं झाला.

"आबा, आईला अंतर देणार नाही."

कावळा बसून.

"आबा, गाय विकणार नाही. मरेपर्यंत आपल्या दावणीला राहील."

बसून.

"आबा, कुसाआत्याचं माहेर तोडणार नाही."

कुसाबाई म्हणजे सावळीरामची धाकटी बहीण, घोटीला दिलेली. तिनं हुंदका दिला, डोळे पुसले, आणि कावळा तरी येईना म्हटल्यावर तिचं डोकं तापलं.

"मी सांगते दादाचा जीव कशात हाय," ती म्हणाली. "त्या लायबरीत हाय! घराची चावडी केली म्हणून तोंडानं बोलला होता तो. मी ऐकलंय."

लायब्ररी सुनेची. मंजुषानं लग्नानंतर रस्त्याकडच्या खोलीत चार मांडण्या लावल्या होत्या. मळे मोडून नव्या कॉलन्या उठल्या, त्यांतल्या बायका संध्याकाळी पुस्तकं बदलायला यायच्या. सावळीराम वर्षात चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक 'घराची चावडी केली' हे होतं, त्यामुळं ते सगळ्यांच्या ध्यानात राहिलेलं.

महेशनं एकदा बायकोकडं बघितलं. मग कावळ्यांकडं. गुरुजींना पुढचं काम होतं, तेही घाई करत होते.

"आबा, वर्षाच्या आत लायब्ररी बंद करू."

एक कावळा पंख पिंजारून चोचीनं खाजवत बसला. एवढंच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

म्हणजे सावळीरामचं काय राहिलं ते काही कळलं नाही, आणि शब्द तेवढा देऊन बसले. कुसाबाईचं म्हणणं, गंगेच्या काठावर बोललेलं मागं घेता येत नाही, वर्षश्राद्धाच्या आत खोली मोकळी झाली पाहिजे. महेशला आत्यापुढं बोलता येईना. संध्याकाळी मंजुषा सासूपाशी येऊन बसली.

"आई, आबांना खरंच माझी लायब्ररी खुपत होती का हो?"

बायडाबाई भिंतीकडं बघत होती. "मला काय इचारती? त्याला इचार."

एक 'नाही' म्हटली असती तर विषय तिथंच संपला असता. त्या घरात तिच्या 'नाही'वर कुणाची बोलायची टाप नव्हती. पण ते 'नाही' उचलायचं म्हणजे भरलेला हंडा उचलण्यासारखं वाटलं तिला. राहू दे म्हणाली मनात. लायब्ररी राहिली काय, गेली काय. गाय राहिली काय. सकाळ झाली की सकाळ व्हायची.

समाचाराला येणाऱ्या बायका काही थांबेनात. महिना झाला, दोन झाले, कुणी ना कुणी येऊन समोर बसे आणि "लय भला माणूस" पासून सुरुवात करी. एक दिवस मंजुषानं सासूच्या मांडीवर एक बारीक पुस्तक ठेवलं.

"हे धरून बसा. पुस्तक वाचणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही."

"मला कुठं वाचता येतं? तिसरीत शाळा सुटली माझी."

"धरा तर."

तिनं धरलं. खरंच, आलेली बाई इकडंतिकडं बघून, चहा पिऊन गेली. दुसरीही गेली. बायडाबाईला पुस्तकाचा हा उपयोग पटला. मग धरलंच आहे तर एखादी ओळ बोटाखालून जायची, ओठ हलायचे. अक्षरं बाजारातल्या पाट्यांवर रोज भेटत होती, अगदीच परकी नव्हती.

"हे कशाबद्दल हाय?" एकदा तिनं विचारलं.

"खुनाचं आहे."

"अगं बया. दुखवट्याच्या घरात?"

"तसलं नाही, आई. रक्तबिक्त नसतं. माणूस पहिल्या दोन पानांतच मरतो, आपली त्याची ओळखही झालेली नसते, म्हणून रडावं लागत नाही. मग पोलीस येतात, चुकीच्या माणसाला धरतात. आणि शोधून काढते कोण, तर गावातली एक रिटायर शाळेतली बाई. घरोघर चहा प्यायला जाते आणि बघते."

"मेल्याची ओळख नसती व्हय?" बायडाबाई म्हणाली. "मग असलीच देत जा."

मंजुषा देत गेली. एकात देवळाबाहेर चपला सांभाळणारी म्हातारी होती, चपलांवरून माणसं ओळखणारी. एकात पोळ्या लाटायला जाणारी बाई होती, तिला कणिक किती भिजवली यावरून घरात रात्री कोण जेवलं नाही ते कळे. जुन्या काळातलीही होती. पेशवाईतली एक कासारीण बायडाबाईला सगळ्यांत मानवली. बांगड्या भरायला तिला वाड्यावाड्यात थेट माजघरापर्यंत वाट मोकळी. बाईचा हात हातात घेतला की थरथर, ओरखडा, कालची मेंदी, सगळं तिच्या बोटांना कळायचं, आणि कोतवालाचे शिपाई बिचारे बाहेर भाले घेऊन उभे.

"हिनं ऐन वैशाखात शेवंती माळलीय," बायडाबाईनं पुस्तकात बोट ठेवून सांगितलं. "लिहिणाऱ्याला थंडीचं फूल उन्हाळ्यात कुठं मिळालं?"

सासूच्या बोलण्यात पुष्कळ दिवसांनी जरा धार आली, हे मंजुषाच्या लक्षात आलं. पण बायडाबाईला आतून काही वाटलं असं नाही. बाभळीचा काटा पायात मोडावा आणि पाय आपला नसावा, तसं तिचं चाललं होतं.

संध्याकाळी मधलं दार उघडं असायचं. कॉलनीतली विमलाबाई यायची आणि नवं काही आलं का विचारायची. मंजुषा म्हणायची, "आता नवीन घेत नाही, काकू. आहेत तीच वाचा. फेब्रुवारीत बंद करायचंय." मग विमलाबाई "अगं पण का?" आणि मंजुषा "असंच." बायडाबाई आत ऐकायची. तिला विमलाबाईचं नवल वाटायचं. पुस्तक हातात घेऊन उभी राहायची ती, जसं काही कुणाचं पोर घेतलंय.

मनात एकच गोष्ट फिरत होती, तीही जोरात नाही, रहाटासारखी. सावळीरामचं काय राहिलं होतं? इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं काही मागितल्याचं तिला आठवेना. जेवायला वाढलं ते जेवला. बाजाराला पाठवलं तर गेला. मग मेल्यावर असा कोणता हट्ट धरून बसला, की पोरानं गाय, आत्या, लायब्ररी सगळं पुढं केलं तरी हालला नाही? कधी तिला वाटे, महेशनं माझं नाव घेतलं तेव्हा 'अंतर देणार नाही' म्हटलं, ते नसेल. दुसरंच काही असेल माझ्यातलं, जे पोराला माहीत असणार नाही. हे वाटलं की ती उठून काहीतरी निवडायला घ्यायची. निवडलेलंच पुन्हा निवडायची.

शाळेतल्या बाईच्या एका पुस्तकात होतं की, कुणी केलं हे मागाहून विचारावं, आधी विचारावं की जिथं घडलं तिथं एरवी नसते अशी वस्तू कोणती होती. आणि रोज जे बघतो ते डोळ्याला दिसायचं बंद होतं. बायडाबाईनं ते वाचलं आणि पान उलटलं.

माघात द्राक्षांत पाणी भरलं. घरामागं अर्ध्या एकरात वेली होत्या. घड गोड व्हायला लागले की पाखरं तुटून पडतात, म्हणून दरवर्षी वेलींवर चमकी पट्टी ताणायची. एका अंगानं लाल, एका अंगानं चांदीसारखी. वाऱ्यानं फडफडते, उन्हात झळकते, आणि पाखरू खाली उतरत नाही. त्या दिवशी फकिरा पट्टी बांधत होता. फकिरा मळ्यातला जुना गडी. बायडाबाई त्याची भाकरी घेऊन बांधावर आली. वारा सुटला, पट्टी फिरली आणि तिच्या डोळ्यांवर लकाकलं.

तिचा हात आपसूक पदराकडं गेला. पदर पुढं ओढून तिनं मान खाली घातली.

आणि तशीच उभी राहिली. ही मान तिनं अशीच एकदा घातली होती. तेव्हा गंगेचं पाणी वाटलं होतं. पण गंगा त्या दिवशी तिच्या पाठीमागं होती. समोर पिंड होते, फुलं होती.

"फकिरा," ती म्हणाली, "ह्या पट्टीला कावळा भेतो का रं?"

"कावळा?" फकिरा हसला. "चिमणी एक वेळ घुसंल, बाई. कावळा लय हुशार. पट्टी झळकती तवर पाय लावायचा नाय."

भाकरी बांधावर ठेवून ती घरी आली. मंजुषा मांडणीवरची पुस्तकं सुतळीनं बांधत होती. वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं, आणि एका जुन्या पुस्तकवाल्याला तिनं बोलावून ठेवलं होतं.

"मंजे, दहाव्याच्या दिवशी त्या निशिगंधाची जुडी कुणी बांधली?"

"कुसाआत्यांनी. का?"

"कशानं बांधली?"

मंजुषा आठवायला लागली. "ओसरीवर ते रीळ पडलेलं असतं ना... त्यानंच. आत्या म्हणाल्या, दादाची फुलं कशी उठून दिसली पाहिजेत." आणि मग तिचे हात सुतळीवरच थांबले.

घोटीकडं भातशेती, आणि कुसाबाईच्या लग्नाआधी इथं द्राक्षं नव्हती. तिकडं ही पट्टी कोण कशाला ताणील? कुसाबाईला वाटलं, फुलवाल्यांच्या घरात असते तशी सजावटीची फीत. आणि ह्या घरची माणसं वर्षानुवर्षं त्याच पट्टीखालून वाकून जाणारी, कुणाच्या डोळ्याला ती दिसली नाही.

"आई! मग हे आजच ह्यांना सांगूया."

"गप बस."

"अहो पण माझी..."

"तुझ्या पुस्तकातली बाई कधी घरात बोलती का? सगळे एका जागी जमल्यावर बोलती. आन् मी चुकत आसंन तर? मला बघायचंय." मग म्हणाली, "सुतळी सोडू नको आत्ताच."

कुसाबाई आदल्या दिवशी आली. पहाटे तिनंच निशिगंध काढला, तिनंच जुडी केली, आणि ओसरीवरच्या रिळाची हातभर पट्टी तोडून तिला फेरे देऊन वर दोन शेंडे सोडले. मंजुषानं सासूकडं बघितलं. बायडाबाई चहा पीत होती.

रामकुंडावर पुन्हा तसंच. पिंड मांडले, पान वाढलं, भाकरी, मेथी, चहा, विडी, पुढं जुडी. सगळे मागं सरले. कावळे कठड्यावर बसले, मान वाकडी केली, उठले, पुन्हा बसले.

"बघा," कुसाबाई हळू म्हणाली. "अजून अडकलाय. महेश, लायबरी बंद केली का नाय?"

"आज पुस्तकवाला येणार आहे, आत्या."

"मग सांग ना त्याला! मोठ्यांदा सांग!"

महेशनं हात जोडले. तोंड उघडलं. तेवढ्यात बायडाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून पुढं गेली आणि जुडीपाशी वाकली. गुरुजी "अहो, बाई..." म्हणाले. तिनं पट्टीचं एक टोक धरलं आणि फेरे उलटे सोडत गेली. पट्टी मुठीत चुरगाळली, मूठ पदराखाली घेतली आणि मागं येऊन बसली.

फुलं पानाशेजारी विस्कटून पडली.

कावळा आला. पहिल्यांदा एक, भाकरीवर. मग दुसरा. चहाची वाटी लवंडली. एकानं पिंड उचलून अर्धा सांडला आणि उडाला.

"वहिनी," कुसाबाईचा आवाज बारीक झाला होता, "काय काढलंस तू?"

बायडाबाईनं मूठ उघडून दाखवली. "द्राक्षातली पाखरं हाकायची पट्टी हाय ही. भावाला नटवायला गेलीस, कुसाताई, आन् वर्षभर कावळ्याला भेव घालून बसलीस."

महेशनं पट्टी बघितली. एकदा आत्याकडं, एकदा मंजुषाकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसतोय की रडतोय ते कळेना.

कुसाबाई पायरीवर बसली. "मग मी त्या पोरीला..." एवढं म्हणून थांबली. मंजुषा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. कुसाबाईनं तिचा हात धरला आणि धरूनच बसली. मग तिनं वहिनीला विचारलं, "मग दादाचं काही राहिलंच नव्हतं म्हण."

"नव्हतं."

"कशातच जीव नव्हता त्याचा?"

"नाय," बायडाबाई म्हणाली.

आता हलकं वाटायला पाहिजे होतं. पुस्तकात वाटतं. शाळेतली बाई शेवटी खिडकीत बसून चहा पिते आणि बाहेर छान ऊन असतं. बायडाबाईनं स्वतःच्या आत चाचपून बघितलं, रिकाम्या कोठीत हात फिरवावा तसं. तिनं वर्षभर ज्याचा विचार केला तो माणूस काही एक न मागता, मागं वळूनही न बघता पहिल्याच दिवशी गेला होता. कावळा फक्त भ्याला होता. सगळं नीट जुळलं. कुठं खोट काढायला जागा नव्हती.

घरी आल्यावर महेशनं पुस्तकवाल्याला दारातूनच परत लावलं. मंजुषा सुतळ्या सोडायला बसली, मध्येच नाक पुसायची. बायडाबाईनं मुठीतली पट्टी फकिराकडं टाकली. "बांध कुठंतरी. चांगली हाय अजून."

दिवेलागणीला विमलाबाई दारात आली आणि उघडी पुस्तकं बघून तिथंच थबकली. मंजुषा आत नैवेद्याची पानं वाढत होती. बायडाबाई मांडणीपाशी स्टुलावर बसली होती, कारण आतल्या गर्दीत तिला बसवत नव्हतं.

"बंद नाही का करत?"

"नाय."

"अगंबाई! मग आता द्या बरं एखादं. खुनाचंच, पण भीतीचं नको. मला झोप येत नाही."

बायडाबाईनं मांडणीवर नजर फिरवली, कासारणीचं पुस्तक काढलं, पदरानं पुसलं. "हे ने. पेशवाईतलं हाय. मरतो तो सावकार, त्याच्यासाठी कुणी रडत नाय. कासारीण शोधती. जीभ तिखट हाय तिची. शेवंतीचं तेवढं खोटं लिहिलंय, ते सोडून दे."

विमलाबाईनं पुस्तक छातीशी धरलं. "शेवट चांगला आहे ना?"

"शेवटाला सगळं कळतं," बायडाबाई म्हणाली. "कळल्यावर पुढं काय व्हतं ते लिहिलेलं नाय. मी बघितलं."